निवडक तोडीनंतर जंगल वाढतं, पण त्यातलं कोणतं झाड?

उष्ण कटिबंधातल्या जंगलात निवडक तोड होते तेव्हा हेक्टरमागे काही मोजकीच मोठी, बाजारात भाव असलेली झाडं काढली जातात. बाकीची उभी राहतात आणि पुढची काही वर्षं भराभर जाडावतात. या सुरुवातीच्या वेगावर विसंबून पुढच्या तोडीचं वर्ष ठरवलं, की हिशेब हमखास चुकतो.

दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातल्या पाराकू इथे १९८४ साली प्रत्येकी ६.२५ हेक्टरचे बारा भूखंड आखले गेले. १९८६ ते १९८८ दरम्यान त्यांतल्या नऊ भूखंडांत कमी-अधिक तीव्रतेची तोड झाली, तीन तसेच राखले. तेव्हापासून तिथे १० सेंटिमीटर आणि त्याहून जास्त व्यासाच्या प्रत्येक झाडाचा घेर पुन्हा पुन्हा मोजला जातो. सागाच्या कापलेल्या बुंध्यावर वर्षवलयं, म्हणजे दर वर्षीच्या वाढीची कडी, स्पष्ट दिसतात. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलातल्या बऱ्याच झाडांत ती धड ओळखू येत नाहीत, म्हणून टेप घेऊन त्याच झाडापाशी परत जावंच लागतं.

घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घेतात (आपल्याकडे १.३७ मीटरवर) आणि त्या जागी रंगाची रेघ मारतात. आधारमुळं (बुंध्याच्या तळाशी फळ्यांसारखी पसरणारी मुळं) तिथवर चढलेली असतील, तर रेघ त्यांच्याही वर जाते. व्यासाची वर्षाची वाढ असते जेमतेम एक-दोन मिलिमीटर. टेपखाली एखादी वेल आली तरी आकडा निरुपयोगी होतो. कोरड्या दिवसांत खोड किंचित आकसतं, म्हणून मोजणी दर वेळी एकाच ऋतूत करायची. मोठी चूक मात्र कागदावर होते. सावलीत दबलेली, रखडलेली झाडं जास्त मरतात. फक्त जगलेल्यांची सरासरी काढली तर जंगल आहे त्याहून जोमदार भासतं.

मोठं झाड पडलं की जंगलाच्या छतात, म्हणजे शेंड्यांच्या सलग थरात, फट पडते. शेजारच्या झाडांना ऊन मिळतं, पाणी आणि अन्नद्रव्यांची स्पर्धाही कमी होते. फटीलगतच्या झाडांचा वेग दुपटीपर्यंत जाऊ शकतो, दूरच्या झाडांना फारसा फरक पडत नाही. फट बुजत गेली की दहा-पंधरा वर्षांत हा वेग बराच ओसरतो. शिवाय त्या उन्हावर सर्वांत आधी तुटून पडतात सेक्रोपियासारखी हलक्या लाकडाची झाडं. एकूण वाढीच्या आकड्यात तीही धरली जातात, पण इमारती लाकूड म्हणून त्यांना किंमत नाही.

जवळ असलेल्या प्रत्येक झाडाचा फायदाच होतो असंही नाही. महावेलींनी शेंडे एकमेकांत जखडलेले असतात. एक झाड पाडलं की शेजारची ओढली जातात. म्हणून वेली तोडीच्या निदान सहा महिने आधी कापायच्या, म्हणजे त्या वाळून कमकुवत होतात. ओंडके ओढायच्या वाटा आधी नकाशावर आखायच्या. यंत्र वाट फुटेल तिकडे फिरलं की माती दाबली जाते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपं खुरटतात. साल सोललेल्या खोडात पुढे कुजही शिरते.

आता साधं गणित. फ्रेंच गयानात तोडीसाठी किमान व्यास ५५ सेंटिमीटर आहे. ३० सेंटिमीटरच्या झाडाला तिथवर पोचायला वर्षाला २ मिलिमीटरच्या वेगाने १२५ वर्षं लागतील. ४ मिलिमीटरचा वेग सतत टिकला, तरीही सुमारे ६२. तिथलं तोडचक्र, म्हणजे दोन तोडींमधलं अंतर, ६५ वर्षांचं ठेवलंय, ते यामुळे पटतं. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये यंत्राने ओढाई होते तिथे हेक्टरमागे ३० घनमीटरपर्यंत तोड आणि मग ३५ वर्षांची विश्रांती, असा नियम आहे. त्यामागे हेक्टरमागे वर्षाला ०.८६ घनमीटर वाढ गृहीत धरलेली आहे. पहिल्या फेरीत गेलेल्या मौल्यवान, संथ जातींकडून ती अपेक्षा करणं मला अवाजवी वाटतं.

कार्बनची भरपाई हा वेगळा हिशेब. ॲमेझॉनमधल्या भूखंडांच्या एकत्रित अभ्यासात एक चतुर्थांश जैवभार (झाडांचं एकूण वजन, ज्यात कार्बन साठलेला असतो) गमावलेल्या जंगलाला तो भरून काढायला सुमारे ४३ वर्षं लागतील, असं २०१५ साली मांडलं गेलं. त्यात सगळ्या जाती मोजल्या जातात, फक्त विकाऊ नव्हे.

वाढ लांबवायचा एक उपाय पाराकूत करून पाहिला गेला: बिनकिमती झाडांच्या खोडाला वलय कापून त्यात विष भरायचं, म्हणजे ती उभीच मरतात आणि कामाच्या झाडांना जागा मिळते. त्यांची वाढ खरोखर जास्त झाली. पण त्या भूखंडांचा कार्बनसाठा नुसत्या तोडीपेक्षा कितीतरी जास्त घटला.