रस आत कोंडला जातो?

सळईवर अख्खी कोंबडी किंवा मटणाची रान (अख्खी तंगडी) भाजायला घेतली की कुणीतरी सांगतंच: आधी जाळावर चटका द्या, म्हणजे रस आत कोंडला जातो. हे खरं नाही. ही समजूत पसरवली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी, 1847 च्या सुमारास. पण खरपूस पापुद्रा पाणी अडवत नाही. तसं असतं तर भाजलेल्या मांसाखाली निखारे चुरचुरले नसते. ती चुरचुर चरबीबरोबर गळणाऱ्या रसाचीच.

रस किती जाणार हे ठरतं आतल्या तापमानावर. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे तंतू आक्रसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. चटका हवाच, पण रंगाला आणि चवीला. तो शेवटी दिला तरी चालतो, आणि मला तेच बरं वाटतं.

निखारे दोन्ही बाजूंना सारा, मधे खाली ट्रे ठेवा, सळई सावकाश फिरू द्या. थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसा, मात्र सळईला टेकवू नका. तापलेलं लोखंड खोटा आकडा दाखवतं. कोंबडी 74 अंशांना उतरवा. रंग बघून अंदाज बांधणं धोक्याचं, कारण बाहेरून काळपट झालेली कोंबडी मांडीच्या सांध्यापाशी कच्ची निघू शकते.