रिमॅपच्या आधी गाडीची तब्येत

गळती शोधायला एअर फिल्टरकडचं तोंड बंद करून मेकॅनिकने इंजिनला हवा नेणाऱ्या पाइपात धूर सोडला. मिनिटभर काहीच दिसलं नाही. मग टर्बोतून पुढे जाणाऱ्या पाइपच्या जोडापाशी एक बारीक पांढरी रेघ वर आली. चाकणला बनलेली, 2014 सालची ही पोलो जीटी टीएसआय माझ्या मित्राची. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद, 175 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). चेक इंजिनचा दिवा कधी लागला नव्हता. दोन दिवसांनी गाडी रिमॅपला, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम (मॅप) बदलायला, जाणार होती.

दिवा का लागला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर टर्बोचं चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं. हा जादा दाब म्हणजे बूस्ट. जोडातून थोडी हवा निसटली, तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला आणखी जोरात फिरवतो. एरवीही हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतं. म्हणजे गळती झाकली जाते आणि तिचा भार टर्बो सोसतो. रिमॅपमध्ये त्याच टर्बोकडे आणखी दाब मागितला जातो. कंपनीने उन्हाळा, घाट, जेमतेम दर्जाचं पेट्रोल आणि लांबलेली सर्व्हिसिंग धरून इंजिनात राखीव ताकद ठेवलेली असते, रिमॅप तीच वापरतो. जुन्या गाडीत ती शिल्लक आहे का, हे आधी बघायलाच हवं.

सगळ्यात घातक शत्रू उष्णता. 35 अंशांच्या दुपारी हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली, की ती टर्बोतून साधारण 130 अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर तिला थंड करतो. तो कमी पडला, तर सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. सेन्सरला त्याची चाहूल लागली की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, आणि विकत घेतलेली ताकद तिथेच जाते. 95 ऑक्टेनसाठी (पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) लिहिलेल्या मॅपवर 91चं पेट्रोल भरू नये, ते याचसाठी. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं, पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला जेमतेम 9. म्हणून इंजेक्टर आणि पंप आपल्या मर्यादेपर्यंत लवकर पोचतात.

स्पार्क प्लग मात्र हातात घेऊन बघा. मित्राच्या गाडीतल्या एका प्लगचं टोक झिजून गोल झालं होतं आणि फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती त्या फटीत सैल हलत होती. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. फट रुंद असेल तर ऐन जोरात ठिणगी चुकते, गाडी हिसके देते. म्हणून रिमॅप करणारे बरेच ट्यूनर ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनी कमी ठेवतात.

बाकी तपासण्या नेहमीच्याच: कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतात ते), ताजं आणि योग्य दर्जाचं ऑइल, थंड इंजिन सुरू करताना टायमिंग चेनची खडखड. गिअरबॉक्स विसरू नका. या गाडीतला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, आणि क्लच आधीच घसरत असेल तर तो आकडाही कागदावरच राहतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून निघा. कायदा मोडतो आणि मागून येणाऱ्याच्या छातीत विष जातं. विमा कंपनीलाही बदल आधी कळवा.

पाइपची सील आणि चारही प्लग बदलल्यावर आम्ही जुन्याच मॅपवर गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) चढवली. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, लॅपटॉपवर लॉग चालू. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या होत्या. चौथ्या सिलिंडरची ठिणगी मात्र वरच्या आरपीएमला अजून चार अंश मागे जात होती, म्हणजे ईसीयू ती उशिरा टाकत होता. रिमॅपची तारीख आम्ही पुढे ढकलली.