व्हीडीआरएल आणि टीपीएचए: दोन्ही ‘पॉझिटिव्ह’, पण अर्थ वेगळा

गरोदरपणातल्या तपासण्यांत व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे पॉझिटिव्ह, आली की घरात आधी भांडण होतं, डॉक्टरकडे जाणं नंतर. तेवढ्या एका ओळीवरून सिफिलिस, म्हणजे गरमी, झालीच आहे असं ठरत नाही.

व्हीडीआरएल सिफिलिसच्या जंतूला शोधतच नाही. ती कार्डिओलिपिन नावाच्या पदार्थाविरुद्धच्या अँटीबॉडी मोजते, आणि त्या गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात, ल्युपस या आजारातही दिसू शकतात. रिपोर्टमधला १:८ सारखा आकडा म्हणजे रक्त किती पट पातळ करूनही तपासणी पॉझिटिव्ह येते ते; १:३२ हा १:८ पेक्षा मोठा. असा फसवा निकाल बहुधा १:८ च्या खालचा असतो. टीपीएचए मात्र त्या जंतूविरुद्धच्याच अँटीबॉडी पकडते. म्हणून पहिली आली की दुसरी करायची. दोन्ही पॉझिटिव्ह असतील आणि पूर्वी उपचार झाले नसतील, तर उपचार घ्यायचेच. नुसती टीपीएचए पॉझिटिव्ह आली तर तो बरा झालेला जुना आजार असू शकतो, किंवा अगदी नवा, किंवा वर्षानुवर्षं अंगात दबलेला; ते डॉक्टरच ठरवतील.

उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कमरेत. लागण अलीकडची असेल तर एकदाच. जुनी किंवा कधीची ते माहीत नसेल तर दर आठवड्याला एक, अशी तीन. त्याच दिवशी ताप, अंगदुखी होऊ शकते, घाबरू नका. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा. एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. जोडीदाराची तपासणी आणि दोघांचे उपचार होईपर्यंत संबंध टाळा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे मोफत होतं, माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवरचे ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ मात्र सोडा.

खरा घोळ पुढे होतो. इंजेक्शन घेऊन लोक पुन्हा टीपीएचए करतात, ती पॉझिटिव्ह येते, आणि औषध लागूच पडलं नाही म्हणून हातपाय गाळतात. टीपीएचए बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते. बरं होतंय का, हे व्हीडीआरएलचा आकडा सांगतो: १:३२ वरून १:८, म्हणजे चौपट उतार, हवा. १:३२ चं १:१६ झालं तर त्यावरून काहीच ठरत नाही. उतरलेला आकडा पुन्हा चौपट चढला तर नवी लागण किंवा अपुरे उपचार, असा संशय घ्यायचा. उतार यायला महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी करायची, तीही शक्यतो त्याच लॅबमध्ये. पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स जपून ठेवा. पुढचा डॉक्टर आधी तोच आकडा विचारेल.