शनिवार सकाळची तीन मिनिटे : एका आठवणीची पार्श्वभूमी

अमेरिकेत शनिवार सकाळच्या शैक्षणिक कार्टूनची आठवण निघते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात बहुधा अर्ध्या तासाचा अख्खा कार्यक्रम नसतो. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत लागणारे तीन मिनिटांचे गाणे असते. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण पुढे सरकारी नियमाने ‘शैक्षणिक’ या शब्दाची व्याख्या केली तेव्हा नेमकी हीच फट व्याख्येबाहेर राहिली.

साठच्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या व्यापारी वाहिन्यांनी आपली कार्टून शनिवारच्या सकाळी एकत्र आणली. त्या वेळी मोठी माणसे दूरचित्रवाणीकडे फारशी फिरकत नसत, मुले घरी असत, आणि खेळणी व साखर घोळवलेली न्याहारीची धान्ये विकणाऱ्यांना असा एकगठ्ठा प्रेक्षक दुसरीकडे मिळत नसे.

या गर्दीत १९७३ च्या जानेवारीत ‘स्कूलहाउस रॉक’ ही मालिका आली. तिची मूळ कथा सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्कमधील एका जाहिरात संस्थेच्या प्रमुखाच्या लक्षात आले की आपल्या मुलाला पाढे पाठ होत नाहीत, रॉक गाण्यांचे शब्द मात्र तोंडपाठ आहेत. चाल लावून पाढे म्हणत वाढलेल्या मराठी वाचकाला या शोधाचे फारसे नवल वाटणार नाही; नवल आहे ते त्यासाठी घेतलेल्या कष्टांचे. काम एका जॅझ संगीतकाराकडे सोपवले गेले आणि पहिले गाणे तीनच्या पाढ्याचे झाले. त्यात तीनापासून तिसापर्यंत चढून पुन्हा उलट उतरता येते. बाराच्या पाढ्यासाठी तर हातापायांना बारा-बारा बोटे असलेला परग्रहावरचा प्राणी कल्पिला आणि बाराच्या पायावरची मोजणी मुलांसमोर सहज मांडली. व्याकरणाच्या गाण्यात रेल्वेचा यार्ड आहे. तिथला कर्मचारी शब्दांचे आणि वाक्यांशांचे डबे ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ या डब्यांनी एकमेकांना जोडतो. उभयान्वयी अव्यय म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ दाखवलेले माझ्या पाहण्यात नाही. देशाच्या द्विशताब्दीच्या सुमारास इतिहास व नागरिकशास्त्राची गाणी आली. संसदेच्या पायऱ्यांवर बसलेले, कायदा होण्याची वाट पाहणारे विधेयक त्यांतलेच. संविधानाची उद्देशिकाही चालीत बसवली गेली आणि त्या ओढाताणीत तिच्या पहिल्याच ओळीतले ‘संयुक्त संस्थानांचे’ अशा अर्थाचे शब्द गळाले.

हे सर्व जाहिरात संस्थेतल्या माणसांनी, जाहिरातीच्या तंत्राने आणि प्रायोजकाच्या पैशावर केले. याच काळात भारतात ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट झाला. त्याच्या दिग्दर्शिकेचा जन्म मुंबईचा. मात्र तो सरकारी चित्रपट विभागाची निर्मिती होता, त्यामागे कोणी विक्रेता नव्हता. अमेरिकेत शिकवणे आणि विकणे ही दोन कामे एकाच टेबलावर चालली होती आणि पुढचा सगळा वाद या शेजारातून उभा राहिला.

तो वाद खरे तर या मालिकेच्या आधीपासून धुमसत होता. १९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील काही मातांनी संघटना स्थापन केली आणि १९७० मध्ये दळणवळण नियामकाकडे, म्हणजे रेडिओ-दूरचित्रवाणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, मागणी केली की मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती नकोत आणि प्रत्येक दूरचित्रवाणी केंद्राने आठवड्याला १४ तास मुलांसाठी द्यावेत. मागणी मान्य झाली नाही. पण १९७४ मध्ये निघालेल्या धोरणात कार्यक्रमातल्या पात्राने त्याच कार्यक्रमात वस्तू विकू नये आणि कार्यक्रम व जाहिरात यांची सरमिसळ होऊ नये, असे म्हटले गेले. वाहिन्यांनी तीन मिनिटांची गाणी आणि १९७१ पासून कार्टूनच्या मधे येणाऱ्या अडीच मिनिटांच्या बालबातम्या इतकी वर्षे जपल्या, त्यामागे या दबावाचा वाटा होता असे माझे मत आहे. १९७८ मध्ये व्यापार नियामकाने मुलांसाठीच्या जाहिरातींवर निर्बंध सुचवले, तेव्हा ‘राष्ट्राची आया’ अशी त्याची संभावना झाली आणि १९८० मध्ये संसदेने त्याचे हात बांधले. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादाही उठली. खेळणे आधी आणि त्यावरून कार्टून नंतर, असा क्रम रूढ झाला. बालबातम्या १९८६ मध्ये संपल्या. गाण्यांची मालिका त्याआधीच थांबली होती.

१९९० मध्ये मुलांच्या दूरचित्रवाणीचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही, तसाच तो अमलात आला. शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येणार नाहीत, हा त्यातला सोपा भाग होता. प्रत्येक केंद्राने मुलांच्या ‘शैक्षणिक आणि माहितीविषयक गरजा’ भागवाव्यात, हा अवघड भाग. १९९१ च्या नियमांत याचा अर्थ इतका ऐसपैस लावला गेला की सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या विकासाला कोणत्याही अंगाने हातभार लावणारे काहीही त्यात बसावे. परिणाम अपेक्षित तोच झाला. परवान्याच्या नूतनीकरणासाठी काही केंद्रांनी भविष्यकाळात राहणाऱ्या कुटुंबाचे ‘द जेटसन्स’ हे जुने कार्टूनही शैक्षणिक म्हणून पुढे केले. ते मुलांना एकविसाव्या शतकातील जीवनाची माहिती देते, असा दावा होता. १९९२ मध्ये हे दावे उघड झाले आणि संताप उसळला. तो रास्तच होता.

त्या संतापातून ऑगस्ट १९९६ चा नियम आला. आता शिक्षण हा कार्यक्रमाचा ‘महत्त्वाचा हेतू’ असला पाहिजे, तो दर आठवड्याला ठरलेल्या वेळी लागला पाहिजे, सकाळी ७ ते रात्री १० या वेळेत लागला पाहिजे आणि किमान ३० मिनिटांचा असला पाहिजे, असे ठरले. आठवड्याला असे तीन तास भरले की केंद्राचे कर्तव्य पार पडले असे धरले जाई. शिक्षण आणि माहिती या दोन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे पडद्याच्या कोपऱ्यात झळकू लागली.

तीस मिनिटांच्या अटीमागे तर्क होता, हे मान्य करायला हवे. आई-वडिलांना कार्यक्रम वेळापत्रकात सापडला पाहिजे आणि तीन मिनिटांचे गाणे वेळापत्रकात छापले जात नाही. शिवाय केंद्रांनी चार-दोन तुकडे इकडेतिकडे पेरून हिशेब जुळवू नये, हीही रास्त काळजी होती. पर्यायी मार्गाने अशा तुकड्यांना थोडेफार मोल मिळू शकत होते, पण तीन तास सरळ भरता येत असताना त्या वाटेला कोण जाणार? एका संपूर्ण पिढीने ज्या प्रकाराला ‘शिकवणारे कार्टून’ म्हणून डोक्यावर घेतले होते, तो प्रकार मुख्य हिशेबातून गेला. माझ्या मते ही चूक होती. लांबी मोजता येते म्हणून ती मोजली गेली. एखादी गोष्ट मुलाच्या डोक्यात वीस वर्षे राहते की नाही, हे मोजायला कोणाकडे माप नव्हते.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. एका मोठ्या वाहिनीने १९९२ मध्येच शनिवारची कार्टून बंद करून तिथे बातम्या आणि किशोरांच्या मालिका आणल्या होत्या. केबलवर कार्टून दिवसभर मिळू लागली, जाहिरातदार तिकडे वळले आणि व्यापारी वाहिन्यांना तीन तास भरायला प्राणी, प्रवास आणि पाककलेचे चित्रित कार्यक्रम स्वस्त पडू लागले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी अशा वाहिनीवरचा शनिवार सकाळचा अखेरचा कार्टून-पट्टा बंद झाला.

आठवणींचा प्रवाह मात्र उलट दिशेने वाढत गेला. १९९३ मध्ये गाण्यांची मालिका पुन्हा सुरू झाली आणि पैशाच्या व्यवहारांवर नवी गाणी आली. त्याच वर्षी शिकागोत त्यांचा रंगमंचीय प्रयोग झाला. १९९६ मध्ये, म्हणजे तीस मिनिटांचा नियम आला त्याच वर्षी, रॉक कलाकारांनी नव्याने गायलेला या गाण्यांचा संग्रह निघाला. ज्यांनी तो विकत घेतला ती मुले आता कमावती झाली होती.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या गाण्यांचा संच जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या जुलैत दळणवळण नियामकाने नियम सैल केले, सकाळची वेळ ७ ऐवजी ६ पासून मोजायला परवानगी दिली आणि वर्षाच्या १५६ तासांपैकी ५२ तासांपर्यंत छोटे तुकडेही जमेस धरता येतील असे ठरवले. तीन मिनिटांच्या गाण्याला हिशेबात जागा मिळाली, तेव्हा ज्या दोन कार्टूनच्या मधे ते लागत असे ती कार्टून त्या वाहिन्यांवरून जाऊन पाच वर्षे होत आली होती.