अर्थव्यवस्था चांगली, मग घरखर्चाची ओढाताण का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये अमेरिकेत बेरोजगारीचा दर ३.६ टक्के होता. मागच्या पन्नास वर्षांत तो याहून फारसा खाली कधी गेलेला नव्हता. त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठाचा ग्राहकांच्या मनःस्थितीचा निर्देशांक ५० वर आला. तो त्या निर्देशांकाचा तोवरचा नीचांक होता. २००८ च्या वित्तीय संकटातही तो इतका घसरला नव्हता. महागाईचा दर तेव्हा ९.१ टक्के होता, हे खरे. पण वर्षभरात तो ३ टक्क्यांवर उतरला, रोजगारही टिकून राहिले, आणि तरी लोकांची मनःस्थिती महासाथीच्या आधीच्या पातळीवर काही परतली नाही. तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: सामान्य घरांची परिस्थिती खरोखर वाईट आहे, की लोकांना तसे नुसते वाटते?

प्रश्नाची ही मांडणीच मला पटत नाही. आकडा म्हणजे वास्तव आणि घरातली तक्रार म्हणजे भावना, असे तिने आधीच धरून टाकलेले असते. या आकड्यांचा इतिहास चाळला तर दिसते की त्यांतले बहुतेक घराची स्थिती मोजण्यासाठी जन्मलेच नव्हते. कुठला मजुरीचा तंटा सोडवायला आला, कुठला मंदीत सरकारला अंदाज यावा म्हणून, तर कुठला युद्धाचा खर्च भागवायला.

घराचा हिशेब मात्र या सगळ्यांच्या आधीचा आहे. १७९५ मध्ये इंग्लंडमधल्या बार्कम गावचे धर्मगुरू डेव्हिड डेव्हिस यांनी शेतमजूर कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी सर फ्रेडरिक मॉर्टन ईडन यांचे गरिबांच्या स्थितीवरचे तीन खंड आले. घरात कमावणारे किती, मुले किती, खाण्यावर काय गेले, भाड्यावर आणि सरपणावर काय गेले, अशा नोंदी त्यांत आहेत. बहुतेक घरांत कमाई खर्चाला पुरत नव्हती. ‘सामान्य घराला परवडते आहे का’ हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे पुढे कितीतरी दशके कुणी विचारला नाही.

आणि हे चालू असताना देश तर श्रीमंत होत होता! औद्योगिक क्रांती जोर धरत होती. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांच्या हिशेबानुसार १७८० ते १८४० या साठ वर्षांत ब्रिटनमध्ये दर कामगारामागचे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले, पण महागाई वजा करून उरणारी मजुरी वाढली फक्त १२ टक्क्यांनी. बाकीची वाढ नफ्याच्या रूपाने भांडवलदारांकडे गेली. मँचेस्टरच्या कामगारवस्तीचे चित्र रेखाटणाऱ्या फ्रीडरिख एंगेल्सच्या नावावरून ॲलन यांनी या कालखंडाला ‘एंगेल्सचा विराम’ म्हटले. मजुरी नंतर उत्पादनाबरोबर वाढू लागली, म्हणून पाठ्यपुस्तकांत हा काळ एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. पण साठ वर्षे म्हणजे दोन पिढ्या. त्या काळातल्या कामगाराला ‘देश पुढे चालला आहे’ असे सांगणारा खोटे बोलत नव्हता, आणि ‘आमच्या घरात काही आले नाही’ म्हणणारा कामगारही खोटे बोलत नव्हता. आजच्या वादात दोन्ही बाजूंनी सगळ्यात आधी विसरली जाते ती हीच गोष्ट.

जवळजवळ त्याच नावाचा दुसरा माणूस म्हणजे सॅक्सनीचा सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल. बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून त्याने १८५७ मध्ये एक नियम मांडला: उत्पन्न जितके कमी, तितका खाण्यावर जाणारा हिस्सा मोठा. आज हे सगळ्यांना माहीत असल्यासारखे वाटते, पण त्याचा अर्थ पुरता लक्षात घेतला जात नाही. धान्य महागले आणि चैनीच्या वस्तू स्वस्त झाल्या, तर सरासरी महागाई शून्य दिसू शकते. गरीब घराला मात्र त्या शून्याचा काही उपयोग नसतो.

सरासरीचा धारदार वापर दादाभाई नौरोजींनी केला. १८६७-६८ च्या आकडेवारीवरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. तो याहून जास्त निघाला. ही तर नुसती सरासरी आहे, वरच्या वर्गांचा वाटा मोठा असल्यामुळे खालच्यांच्या हाती याहूनही कमी येते, हेही त्यांनी बजावले होते. देशाच्या आकड्यापासून घरापर्यंत कसे यायचे, याचा मला हा आजही वस्तुपाठ वाटतो.

विसाव्या शतकात घराचा हिशेब सरकारी झाला आणि तिथे त्याचे रूप बदलले. ब्रिटनने १९१४ पासून राहणीमान खर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली. कोणत्या वस्तूला किती महत्त्व द्यायचे, हे १९०४ च्या कामगार कुटुंबांच्या पाहणीवरून ठरवले होते, आणि ही प्रमाणे थेट १९४७ पर्यंत वापरात राहिली. चाळीस वर्षांत घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या, निर्देशांकातले घर मात्र तसेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. अनेक उद्योगांतली मजुरी या निर्देशांकाला बांधलेली असल्याने, त्यात मोजल्या जाणाऱ्या जिनसांना अनुदान देऊन आकडा दाबून धरला गेला. खाणे स्वस्त राहिले याचा गरिबांना फायदाही झाला, तो नाकारता येणार नाही. पण निर्देशांकाबाहेरच्या वस्तूंचे भाव वाढत होते आणि त्या वाढीला अधिकृत नोंदीत जागाच नव्हती.

अमेरिकेत याच युद्धकाळात जे घडले ते आजच्या वादाशी इतके मिळतेजुळते आहे की ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. कामगार सांख्यिकी विभागाच्या मते जानेवारी १९४१ ते डिसेंबर १९४३ या काळात राहणीमानाचा खर्च सुमारे २३ टक्क्यांनी वाढला होता. मजुरीवाढीची मर्यादा अशाच आकड्यांवर ठरत होती. कामगारांना ते मान्य नव्हते. जानेवारी १९४४ मध्ये जॉर्ज मीनी आणि आर. जे. थॉमस या कामगार नेत्यांनी आपला अहवाल मांडला: खर्च ४३ टक्क्यांहून अधिक वाढला आहे. त्यांचे म्हणणे असे की दुकानातून स्वस्त प्रत नाहीशी झाली आहे, माल हलका झाला आहे, सवलती बंद झाल्या आहेत, आणि कारखान्याच्या गावी स्थलांतर केलेल्या कामगाराला जे भाडे पडते ते या हिशेबात येत नाही. वाद अर्थतज्ज्ञ वेस्ली मिचेल यांच्या समितीकडे गेला. समितीने अधिकृत आकडा बव्हंशी योग्य ठरवला; दर्जातली घसरण वगैरे धरली तर वाढ काही टक्क्यांनी जास्त असेल, एवढेच मान्य केले.

म्हणजे कामगार नेत्यांचा आकडा फुगलेला होता. तरी त्यांच्या तक्रारीतला गाभा टिकला. १९४५ मध्ये निर्देशांकाच्या नावातून ‘राहणीमानाचा खर्च’ हे शब्द गेले आणि ‘ग्राहक किंमत निर्देशांक’ असे नाव आले. ठरावीक वस्तूंच्या किमती किती बदलल्या एवढेच आम्ही मोजतो, संसार चालवायला किती लागते ते नव्हे, ही एका अर्थाने कबुलीच होती. लोकांपर्यंत ती कधी नीट पोचलीच नाही.

देशाच्या एकूण उत्पन्नाची कथा याला समांतर चालते. महामंदीत नेमके किती नुकसान झाले हे अमेरिकेच्या सरकारला सांगता येत नव्हते. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी जानेवारी १९३४ मध्ये सिनेटला अहवाल दिला, तेव्हा १९२९ ते १९३२ या काळात राष्ट्रीय उत्पन्न निम्म्यावर आल्याचे दिसले. याच अहवालात त्यांनी इशारा दिला होता की राष्ट्रीय उत्पन्नावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे जवळजवळ अशक्य आहे. पुढे युद्ध आले. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन यांनी मांडलेले हिशेब युद्धखर्चाच्या नियोजनासाठी होते. शस्त्रास्त्रांवरचा खर्च लोकांच्या सुखात भर घालत नाही, तेव्हा शांततेच्या काळात तो उत्पन्नात धरू नये, असा कुझनेट्स यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची राष्ट्रीय लेख्यांची पद्धत, म्हणजे देशाचे उत्पन्न मोजण्याची एकसारखी रीत, आली आणि हळूहळू ‘अर्थव्यवस्था’ म्हटले की देशाच्या एकूण उत्पादनाचा हाच आकडा डोळ्यांसमोर येऊ लागला. तो घरापासून किती दूर जाऊ शकतो हे आयर्लंडने दाखवले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिकडे हलवल्यामुळे २०१५ मध्ये तिथले सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढले. आयरिश घरांत त्या वर्षी असे काही घडले नव्हते. शेवटी आयर्लंडला स्वतःसाठी वेगळे, सुधारित मोजमाप तयार करावे लागले.

महागाईच्या आकड्यात दोन दोष खोलवर रुजलेले आहेत. पहिला १९५९ मध्ये अर्थतज्ज्ञ एस. जे. प्रेस यांनी दाखवला: हा राहणीमानाचा खर्च नेमका कुणाचा? निर्देशांकात वस्तूंचे वजन देशाच्या एकूण खर्चावरून ठरते, त्यामुळे जो जास्त खर्च करतो त्याचा प्रभाव जास्त. श्रीमंत घराला त्यात अनेक मते असतात, गरीब घराला एखादेच. दुसरा दोष घराच्या किमतीचा. अमेरिकेच्या निर्देशांकात पूर्वी घराची किंमत आणि कर्जावरचे व्याज थेट धरले जाई. १९८३ पासून त्याऐवजी ‘हे घर भाड्याने दिले तर किती येईल’ असा अंदाज धरू लागले. सैद्धांतिकदृष्ट्या हा बदल योग्य आहे, कारण घर ही गुंतवणूकही असते. पण महागाई आटोक्यात आणायला व्याजदर वाढवतात, तेव्हा कर्ज घेणाऱ्याचा हप्ता वाढतो आणि महागाईचा आकडा मात्र खाली येतो. अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दाखवले की कर्जाचा हा खर्च हिशेबात धरला, तर अलीकडच्या नाराजीतल्या ‘न उलगडणाऱ्या’ भागातला मोठा भाग उलगडतो.

रोजगाराच्या आकड्याबद्दल थोडक्यात: १९८२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे पाहणीच्या आठवड्यात एक तास मोबदल्याचे काम केलेला माणूसही कामावर असलेल्यांत मोजला जातो. त्याचे घर चालते का, हे तो आकडा विचारतच नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक २०१३ पासून दरवर्षी कुटुंबांची पाहणी करते. २०२१ मध्ये ७८ टक्के प्रौढांनी सांगितले की आमचे स्वतःचे ठीक चालले आहे. देशाची अर्थव्यवस्था चांगली आहे असे म्हणणारे मात्र फक्त २४ टक्के होते. त्याआधी दोन वर्षे, २०१९ मध्ये, हे प्रमाण ५० टक्के होते. स्वतःच्या घराबद्दल आणि देशाबद्दल माणसे वेगवेगळ्या आधारांवर बोलतात, हे यातून उघड आहे. देशाबद्दलचे मत बातम्यांवरून आणि पक्षनिष्ठेवरून बनते; तिकडे राष्ट्राध्यक्ष बदलला की दोन्ही पक्षांच्या समर्थकांची मते एका रात्रीत जागा बदलतात. शिवाय अर्थतज्ज्ञ स्टेफनी स्टँचेवा यांच्या २०२४ च्या अभ्यासात दिसले की पगारवाढ लोक आपल्या कष्टाची कमाई समजतात, भाववाढीचा दोष मात्र सरकारला देतात. तेव्हा दोन्ही सारख्या वाढल्या तरी माणसाला लुबाडल्यासारखे वाटते.

पण मध्यवर्ती बँकेच्या त्याच पाहणीत पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, ‘आमचे ठीक चालले आहे’ म्हणणारे ७८ चे ७३ टक्के झाले. महासाथीच्या काळातली मदत थांबली होती आणि भाव चढले होते. ही घसरण बातम्यांतून आलेली नाही; लोक स्वतःच्या घराबद्दल सांगत होते. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, फक्त चढायचे मंदावले. अर्थतज्ज्ञ या वर्षीची तुलना मागच्या वर्षाशी करतात. घर चालवणाऱ्याच्या डोक्यात चार-पाच वर्षांपूर्वीचा भाव असतो, आणि त्याचा पगार तिथवर पोचेपर्यंत त्याची तक्रार रास्तच आहे.

हे सगळे तज्ज्ञांना माहीत नव्हते असे नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ, अमर्त्य सेन आणि झाँ-पॉल फितूसी यांच्या आयोगाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले होते: उत्पादनापेक्षा कुटुंबांचे उत्पन्न आणि उपभोग पाहा, सरासरीबरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न पाहा, संपत्ती आणि विषमता पाहा. त्या दिशेने पावले पडली, पण फार सावकाश. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ मध्ये कुटुंबखर्चाचे निर्देशांक पहिल्यांदा प्रसिद्ध केले. त्यांत गरीब-श्रीमंत प्रत्येक कुटुंबाचे वजन सारखे आहे, गृहकर्जाचे व्याज धरलेले आहे, आणि भाडेकरू, कर्जदार व कर्जमुक्त घरमालक यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. प्रेस यांचा प्रश्न तोवर अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. बँक ऑफ इंग्लंडचे महागाईचे २ टक्क्यांचे लक्ष्य मात्र अजूनही नेहमीच्या ग्राहक किंमत निर्देशांकालाच बांधलेले आहे.