हातमोजे घातले, पण हात धुतले का?

डायलिसिस केंद्रात संसर्गाचा सगळ्यात जास्त धोका कधी असतो? रुग्ण चार तास मशीनला जोडून शांत पडलेला असतो तेव्हा नाही. सकाळची शिफ्ट संपून दुपारची सुरू होते, त्या मधल्या घाईत खरी मेख आहे. सुया काढायच्या, जागा दाबून धरून रक्त थांबवायचं, रुग्णाचं वजन करायचं, वापरलेल्या नळ्या काढायच्या, मशीन आणि खुर्ची पुसायची, नव्या नळ्या जोडून सलाइनने प्रायमिंग करायचं, म्हणजे त्यांतली हवा काढायची, आणि बाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या पुढच्या पेशंटला आत घ्यायचं. तेवढ्यात शेजारच्या मशीनचा अलार्म वाजतो. सिस्टर किंवा टेक्निशियन तसेच तिकडे धावतात. हात तेच, हातमोजेही तेच.

रुग्णाच्या बाजूने हिशेब करून पाहा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस म्हणजे वर्षाला 156 वेळा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असेल तर दर वेळी दोन सुया. मिनिटाला 250 ते 300 मिलिलिटर रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरून परत येतं. त्यात मूत्रपिंड निकामी झालं की प्रतिकारशक्तीही मंदावते. इतक्या नियमितपणे आणि इतक्या काळ रक्ताची वाट उघडी ठेवणारे उपचार फारसे नाहीत.

याची किंमत जगाने एकदा चांगलीच मोजली आहे. डायलिसिसची सोय वाढू लागली तशी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटन-अमेरिकेतल्या केंद्रांत काविळीच्या साथी येऊ लागल्या. 1969-70 मध्ये एडिनबरोच्या साथीत रुग्ण तर दगावलेच, रुग्णालयातले काही कर्मचारीही गेले. कारण होतं हिपॅटायटिस बी. हा विषाणू मोठा चिवट. वाळलेल्या पृष्ठभागावर तो किमान सात दिवस तग धरतो, आणि रक्ताचा डाग डोळ्यांना दिसत नसला तरी तिथे असू शकतो. मशीनचं बटण, चिमटा, खुर्चीचा हात, रक्तदाब मोजायचा पट्टा, अशा कुठल्याही वस्तूवरून तो हातावर येतो आणि हातावरून पुढच्या माणसापर्यंत पोचतो.

अमेरिकेत 1974 साली डायलिसिसच्या रुग्णांपैकी 6.2 टक्के लोकांना वर्षभरात नव्याने हा संसर्ग झाला. कर्मचाऱ्यांमध्ये हे प्रमाण 5.2 टक्के होतं. 1980 पर्यंत रुग्णांमधला आकडा एक टक्क्यावर आला. हिपॅटायटिस बीची लस बाजारात आली ती त्यानंतर. म्हणजे ही घसरण लसीची नव्हे. नियमित रक्ततपासणी, बाधित रुग्णांसाठी वेगळी खोली आणि वेगळं मशीन, त्यांच्यासाठी वेगळे कर्मचारी, दर वेळी बदललेले हातमोजे, पुसलेली मशीन्स, असल्या साध्या कामांनी ती घडवली. नियम पाळून काय होणार, असं कोणी विचारलं तर मी हेच आकडे पुढे ठेवीन.

मग आज अडतं कुठे? स्पेनमधल्या डायलिसिस केंद्रांत प्रत्यक्ष निरीक्षण करून केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. हातमोजे घालायला हवेत अशा सुमारे 93 टक्के प्रसंगी ते घातले गेले होते. पण रुग्णाला हाताळल्यानंतर हात धुतले गेले जेमतेम 36 टक्के वेळा, आणि हाताळण्याआधी फक्त 14 टक्के. एका नर्सकडे जितके जास्त रुग्ण, तितकं हात धुणं कमी.

या फरकाला आळस म्हणणं मला पटत नाही. हातमोज्याने घालणाऱ्याचं रक्षण होतं आणि ते त्याला त्याच क्षणी जाणवतं. हात धुण्याचा फायदा मात्र दुसऱ्याला होतो, आणि न धुतल्याचा परिणाम तर दिसतच नाही. हिपॅटायटिस बी उमटायला दीड ते सहा महिने लागू शकतात, हिपॅटायटिस सी लाही कित्येक आठवडे. मार्चमधल्या मंगळवारी कोणी घाईत हात धुतले नाहीत आणि जूनमध्ये कोणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, यांची सांगड कोण घालणार? चूक करणाऱ्याला चूक कळतच नाही, तर ती सुधारणार कशी? म्हणूनच हात धुण्याचं महत्त्व सांगणारं आणखी एक व्याख्यान ठेवून फारसं काही बदलत नाही. महत्त्व सगळ्यांना ठाऊक असतं.

शिवाय मोजा घातलेला हात धुतलेल्या हातासारखाच स्वच्छ, असा एक समज मनात घर करतो. त्याच मोज्याने सुई काढली, तोच मोजा मशीनच्या पडद्याला लागला, त्यानेच पेनही उचललं. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात, कारण मोज्याला बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना बाहेरची घाण हाताला लागते.

औषधांची गोष्टही अशीच. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची एकच बाटली अनेकांना पुरते. ती ट्रॉलीवर ठेवून या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे नेणं सोयीचं, पण हिपॅटायटिसच्या काही साथींचा माग अशा सामायिक बाटल्यांपर्यंतच पोचला आहे. नियम असा की औषध वेगळ्या स्वच्छ जागी भरायचं, एका रुग्णासाठीचं त्याच्यापाशीच न्यायचं आणि उरलं तरी परत आणायचं नाही.

आपल्याकडे बाधित रुग्णांसाठीचं 'पॉझिटिव्ह मशीन' वेगळं ठेवण्यावर फार भिस्त असते. हिपॅटायटिस बी साठी ते बरोबरच आहे. हिपॅटायटिस सी साठी मात्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळ्या मशीनची शिफारस करत नाहीत. तिथे भर आहे हातांवर, पृष्ठभागांवर आणि औषधांवर. मशीनवर लाल चिठ्ठी लावणं सोपं, म्हणून ते आधी होतं, आणि मग बाकीची मशीन्स जणू निर्धोक ठरतात. नुकत्याच झालेल्या संसर्गात मात्र तपासणी काही काळ निगेटिव्ह येऊ शकते, हे त्या चिठ्ठीला कुठे माहीत असतं?

काही उपाय मात्र खरोखर चालतात. सॅनिटायझर खोलीच्या कोपऱ्यात न ठेवता प्रत्येक खुर्चीशी, हाताच्या अंतरावर ठेवणं हा त्यातला एक. अल्कोहोलने हात चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात, साबण-पाण्याला 40 ते 60, शिवाय बेसिनपर्यंतची पायपीट. हाताला रक्त दिसत असेल तर मात्र साबण-पाणीच हवं. मानेतल्या शिरेत बसवलेल्या नळीची, म्हणजे कॅथेटरची, तोंडं जोडण्याआधी जंतुनाशकाने घासणं, कॅथेटरऐवजी लवकर फिस्टुला करणं, यांचाही उपयोग दिसला आहे. असे उपाय सर्वदूर वापरात आल्यावर अमेरिकेतल्या डायलिसिस रुग्णांमधलं रक्ताच्या संसर्गाचं प्रमाण 2014 ते 2019 या काळात 40 टक्क्यांनी घटलं.

मोजमापातही खोट राहते. वही घेऊन कोणी समोर उभं राहिलं की सगळेच हात धुतात. सकाळी अकराला, सगळं स्थिरस्थावर असताना केलेली पाहणी छान येते. शिफ्ट बदलताना पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. त्या वेळी आधीचा रुग्ण खुर्ची सोडून गेल्यावरच पुसायला सुरुवात करायची आणि पुसून झाल्यावरच पुढच्याला बोलवायचं, एवढा नियम जरी पाळायचा म्हटला तरी वेळापत्रकात जागा लागते. ती जागा सिस्टर देऊ शकत नाही. तीन शिफ्टची चौथी करायची की नाही, हे ठरवणारे लोक वॉर्डात नसतात. 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत ही सोय पोचू लागली, हे चांगलंच झालं. पण किती डायलिसिस झाले हे मोजणं जितकं सोपं, तितकं दोन डायलिसिसच्या मध्ये काय झालं हे मोजणं सोपं नाही.

एक काम रुग्णाच्या हातातही आहे. खुर्चीवर बसण्याआधी फिस्टुलाचा हात साबणाने धुवायचा. त्यासाठी बेसिन वॉर्डाच्या दाराशी हवं, आणि त्याच्यापाशी साबण संपलेला नसावा.