वाचनालयातली शुभंकरांसाठीची व्याख्यानं

घरात कुणाला पार्किन्सन्स (कंपवात), डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), स्किझोफ्रेनिया (एक गंभीर मानसिक आजार) असेल किंवा पॅरालिसिसनंतर कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याचं सगळं बघणाऱ्या घरच्या माणसाला मराठीत आता शुभंकर म्हणतात आणि आजारी माणसाला शुभार्थी. अशा शुभंकरांसाठी सार्वजनिक वाचनालयांत जी व्याख्यानं आणि प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम होतात त्याबद्दलची ही नोंद. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि पुण्याचंच पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्यासारख्या संस्थांच्या कामात हे दोन्ही शब्द रोजच्या वापरातले आहेत. शब्द खरंच छान आहेत, कारण पेशंट म्हटलं की माणसाचा फक्त आजार दिसतो आणि "घरी सून आहे ना करायला" म्हटलं की करणारी दिसतच नाही.

व्याख्यान ऐकायला जाणं ही आपल्याकडची जुनी सवय. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. काही वाचनालयं त्याच्याही आधीची, रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, कल्याणचं 1864 चं, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय थोडं नंतरचं, 1893 चं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळायला लागलं, अ ब क ड असे वर्ग आले. म्हणजे खुर्च्या, माईक, फळ्यावर लिहिलेली सूचना, हे सगळं आधीपासून होतंच, फक्त विषय बहुतेक साहित्य, इतिहास, अध्यात्म असे असायचे आणि घरातलं आजारपण हा चारचौघांत बोलायचा विषयच नव्हता. आता तो बोलावा लागतोय. 2023 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की भारतात 60 च्या वरच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि यातले बहुतेक जण घरीच असतात.

हॉस्पिटलमध्येही असे कार्यक्रम होतात, मग वाचनालयच का? तर वाचनालयात गेलं की कुणी "काय झालंय?" असं विचारत नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, पेपर वाचायला आलो म्हणून मागच्या खुर्चीत बसता येतं, नाही पटलं तर उठून जाता येतं, आणि आवडलं तर त्याच विषयावरचं पुस्तक तिथल्या तिथे घरी नेता येतं. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक होते, मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, त्यांच्या पत्नीला हा आजार होता. घरचं माणूस बोलतं तेव्हा ऐकणाऱ्याला जो धीर येतो तो नुसत्या स्लाईड्सनी येत नाही.

चांगलं व्याख्यान कसं ओळखायचं, तर त्यात हाताने करून दाखवलेलं काहीतरी असतं. उदाहरणार्थ बेडसोर. अंगाखाली त्वचा दाबली जाऊन रक्त पोचत नाही म्हणून जखम होते, म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण 70 किलोच्या माणसाची कूस 50 किलोची बाई बदलणार कशी? तर जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घालून ठेवायची, दोघांनी दोन बाजूंनी ती उचलायची आणि मग सरकवायचं, फरफटवायचं नाही, कारण फरफटल्याने कातडी सोलवटते. हे टेबलावर एखाद्या स्वयंसेवकाला झोपवून दाखवलं की मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढे येतात. तसंच पार्किन्सन्समध्ये पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा ओढायचं नाही, थांबायचं, "एक-दोन, एक-दोन" म्हणायचं, किंवा जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या रेघा मारून त्या ओलांडायला सांगायचं. बऱ्याच जणांना याचा उपयोग होतो.

कागदपत्रांचं सेशनही तितकंच लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन्स आणि मानसिक आजारही येतात, हे कित्येक घरांना माहीतच नसतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत साथ देणारं माणूस) नेमू शकतो, तेही बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

प्रश्न चिठ्ठीवर घेतलेले बरे. "मला त्यांचा राग येतो, मी वाईट आहे का?" हे माईक हातात घेऊन कोण विचारेल? चिठ्ठीवर नाव नसतं म्हणून ते विचारलं जातं, आणि वाचून दाखवलं की अर्धा हॉल मान हलवतो.

वेळेचं गणित मात्र बरेचदा चुकतं. संध्याकाळी सहा ही व्याख्यानाची नेहमीची वेळ, पण डिमेन्शियाच्या काही रुग्णांची घालमेल नेमकी संध्याकाळीच वाढते, शिवाय स्वयंपाक असतोच, त्यामुळे ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे तेच येत नाहीत आणि खुर्च्यांवर नेहमीचे रसिक दिसतात. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ जास्त जमते, आणि शेजारच्या खोलीत शुभार्थींना बसवून त्यांच्याशी पत्ते, जुनी गाणी असं काही करणारं कुणी असेल तर दोघंही येऊ शकतात. नेदरलँड्समध्ये 1997 साली सुरू झालेल्या अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) कॅफेत आजारी माणूस आणि घरचे एकत्रच येतात, तिथे माहिती आणि चहा दोन्ही असतं. आपल्याकडे चहा असतोच, ती शेजारची खोली आणि तिथे दोन तास बसणारं माणूस बहुतेक ठिकाणी अजून नाही.